चैत्यभूमीहून परतताना एक दिवस घारापुरीला

नोव्हेंबर संपत आला की नांदेड-लातूरकडच्या आपल्या वस्त्यांमध्ये मुंबईला जाण्याची तयारी सुरू होते. पांढरी लुगडी, पांढरे सदरे धुऊन ठेवले जातात. ज्वारीच्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी बांधली जाते. ५ तारखेला दादरला उतरायचे, शिवाजी पार्कच्या मंडपात जागा धरायची, ६ तारखेला रांगेत उभे राहून परमपूज्य बाबासाहेबांना अभिवादन करायचे, स्टॉलवरून जमतील तेवढी पुस्तके घ्यायची आणि परतीच्या गाडीला लागायचे. हा आपला वर्षानुवर्षांचा शिरस्ता आहे आणि तो चांगलाच आहे. पण बंधू-भगिनींनो, या शिरस्त्यात एक दिवस वाया जातो. त्या दिवसाबद्दल मला चार शब्द लिहायचे आहेत.

देवगिरी एक्स्प्रेस मुंबईहून रात्री सुटते. लातूरची गाडीही रात्रीचीच. ज्यांचे परतीचे आरक्षण ७ तारखेच्या रात्रीचे असते, त्यांच्या हाती ७ तारखेचा अख्खा दिवस असतो. या दिवशी आपण काय करतो? छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर बोचकी उशाला घेऊन झोपतो. मी स्वतः वीस वर्षे हेच केले. तिथून दोन-अडीच किलोमीटरवर गेटवे ऑफ इंडिया आहे आणि गेटवेपासून लाँचने तासाभरावर घारापुरी बेट आहे, ज्याला सरकारी पाट्यांवर एलिफंटा म्हणतात. तिथली शंकराची लेणी सगळ्यांना ऐकून माहीत असतात. पण त्याच बेटाच्या पूर्वेकडच्या टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, हे मला चाळिशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हते. माहीत नव्हते, कारण मी कधी पाणी ओलांडून गेलोच नव्हतो.

आमच्या कार्यालयातले एक साहेब एका वर्षी सहकुटुंब ग्रीसला जाऊन आले. भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर ते चार दिवस राहिले होते. आल्यावर त्यांनी सगळ्या स्टाफला फोटो दाखवले. पांढरीशुभ्र घरे, निळे पाणी, पडके जुने खांब, समुद्राकाठी मांडलेली जेवणाची टेबले. साहेब म्हणाले, "बेटावर गेलं की माणूस सगळ्यातून सुटतो." फोटो खरोखर छान होते. घरी येऊन मी मंडळींना सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "आपण सुटायचं कधी?" तिने ते चेष्टेने म्हटले होते. लग्नाला अठरा वर्षे झाली होती आणि आम्ही लग्नकार्य, दवाखाना आणि ६ डिसेंबर सोडून कुठेही गेलो नव्हतो.

यामागे आमच्या वडिलांचा नियम होता. वडील नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये कामगार होते. ते दरवर्षी आम्हाला मुंबईला न्यायचे, पण दादर सोडून इकडे तिकडे पाऊल टाकू द्यायचे नाहीत. राणीची बाग नाही, गेटवे नाही, काही नाही. "आपण बाबासाहेबासाठी जातो, हिंडाय-फिराय नाही." लहानपणी मला याचा राग यायचा. नियमामागचे कारण पुढे कळले. एका वर्षी गाडीच्या डब्यात एक सुशिक्षित दिसणारा माणूस शेजाऱ्याला म्हणाला होता, "फुकटात मुंबई बघायला निघालेत." वडिलांनी खिशातून आमची पुठ्ठ्याची तिकिटे काढून त्याच्यापुढे धरली. कुणी मागितली नव्हती. त्या माणसाने तोंड फिरवले. तेव्हापासून वडील प्रत्येक वर्षीची तिकिटे जपून ठेवू लागले. ते गेल्यावर पत्र्याच्या पेटीत दोऱ्याने बांधलेला तो गठ्ठा आम्हाला सापडला. उद्या कुणी म्हणू नये की ही माणसे मुंबई बघायला येतात, एवढ्यासाठी त्या माणसाने आयुष्यभर मुंबई पाहिली नाही. त्यांच्या मागे मीही तो नियम पाळत राहिलो आणि माझ्या लेकरांनाही पाळायला लावत राहिलो.

नियम मोडला तो आमच्या मुलीमुळे. ती तेव्हा आठवीत होती. चैत्यभूमीच्याच स्टॉलवरून आणलेल्या लेण्यांवरच्या एका पुस्तकात तिने घारापुरीच्या स्तूपाचे वाचले आणि मला विचारले, "बाबा, स्तूप बघायला जाणं म्हणजे फिरणं असतं का?" मला उत्तर देता येईना. मी मायकडे पाहिले. माय सत्तरीची आहे, सही करण्यापुरते अक्षर येते. ती म्हणाली, "तिकीट काढून जायचं आन् तिकीट काढून यायचं. मंग कोन काय म्हन्तंय ते बघू."

अशा रीतीने ७ डिसेंबर २०२३ ला, गुरुवारी सकाळी, आम्ही आठ जण गेटवेवर उभे राहिलो. आम्ही दोघे, माय, आमची मुलगी आणि मुलगा, लातूरची ताई, दाजी आणि त्यांचा मुलगा. दाजी लातूरच्या मार्केट यार्डात हमाली करतात. आठ जणांचे लाँचचे जाण्यायेण्याचे भाडे दोन हजारांच्या वर गेले. कारकुनाच्या पगारालाही हा आकडा जाणवतो, हमालाच्या रोजाचे तर सांगायलाच नको. ताईने आधीच ठरवले होते की या वर्षी मुंबईहून चादर-भांडे काही न्यायचे नाही, त्या पैशात लाँच बसवायची. जेवण घरचे होते. सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवले होते.

दाजी पन्नास-पन्नास किलोची पोती दिवसभर पाठीवर वाहणारा माणूस, पण लाँचच्या फळीवर पाय ठेवताना त्यांचे पाय लटपटू लागले. "खाली जमीन न्हाई की हो," असे म्हणून त्यांनी मधला खांब धरला तो घारापुरीचा धक्का येईपर्यंत सोडला नाही. मुले वरच्या मजल्यावर पळाली. हिवाळ्यात समुद्रपक्षी लाँचच्या मागे मागे उडत येतात, लोक त्यांना कुरकुरे टाकतात. आमच्या मुलाने एक धपाटा मोडून टाकला, तोही पक्ष्यांनी खाल्ला.

लाँच गेटवेपासून दूर जाऊ लागली की एक गोष्ट घडते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण मुंबईत असतो तेव्हा मुंबई आपल्याला दाबते. गर्दी, धक्के, "चलो चलो", पोलिसांच्या शिट्ट्या. तीच मुंबई पाण्यावरून पाहिली की लहान होत जाते. डाव्या हाताला नौदलाच्या करड्या युद्धनौका उभ्या होत्या. पुढे तेलाच्या टाक्या असलेले जवाहर द्वीप लागले. लांब न्हावाशेव्याच्या बंदरातल्या उंच क्रेन दिसत होत्या, आणि धुक्यात शिवडीकडून निघालेला नवा सागरी पूल. (तोच अटल सेतू. १२ जानेवारी २०२४ ला त्याचे उद्घाटन झाले.) मुलीला मी सांगितले, याच मुंबई बंदरातून ४ ऑक्टोबर १९३० ला बाबासाहेब 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने गोलमेज परिषदेसाठी लंडनला निघाले होते. अरबी समुद्र, तांबडा समुद्र, सुएझचा कालवा आणि मग साहेबांच्या फोटोतला भूमध्य समुद्र, असा तो रस्ता. आपल्या माणसाने तो समुद्र तेव्हाच ओलांडला होता, आणि तो आपल्यासाठी भांडायला. ती बराच वेळ पाण्याकडे बघत उभी राहिली.

ताईचा मुलगा लातूरचा. २०१६ साली तो सात वर्षांचा होता. तेव्हाचे लातूर वाचकांना आठवत असेल. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणले होते. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते. या पोराने त्या उन्हाळ्यात शाळेच्या पिशवीपेक्षा कळशी जास्त उचलली. लाँचच्या कडेला वाकून त्याने उडालेले थेंब ओठाला लावले आणि थुंकला. ताई म्हणाली, "एवढं पानी, आन् घोटभर तोंडात घेता येईना." पुढे बेटावर या वाक्याचे उत्तर मिळाले, ते क्रमाने सांगतो.

धक्क्यावर उतरल्यावर एक छोटी गाडी पायऱ्यांपर्यंत नेते. आम्ही चालतच गेलो. मग सुमारे सव्वाशे पायऱ्या, दोन्ही बाजूंना माळा, टोप्या, दगडी हत्ती यांची दुकाने. ही दुकाने बेटावरच्याच लोकांची आहेत. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन लहान गावे इथे आहेत, सगळी मिळून हजार-बाराशे वस्ती, मुख्यतः आगरी-कोळी. जिल्हा रायगड, तालुका उरण. पायऱ्यांच्या तळाशी डोलीवाले उभे असतात. खुर्चीला बांबू बांधून चार जण माणसाला वर नेतात. मायचे गुडघे दुखतात म्हणून मी भाव विचारला. मायने मला हाताला धरून बाजूला ओढले. "मानसाच्या खांद्यावर बसून जाऊ व्हय मी?" डोलीवाल्यांची ती रोजीरोटी आहे, हे मी तिला सांगून पाहिले. तिने त्यांच्यातल्या म्हाताऱ्याला जवळचा एक धपाटा दिला, आणि दर दहा पायऱ्यांना बसत बसत तासाभरात वर पोचली. बाकीचे धपाटे वर एका माकडाने पिशवीसकट नेले. घारापुरीला जाणाऱ्यांनी खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नये, ही सूचना आमच्या अनुभवावरून.

पहिले लेणे म्हणजे मोठे लेणे. ते सहाव्या शतकाच्या सुमाराचे मानतात. आत गेल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, मग समोर तीन मुखांची ती प्रचंड मूर्ती दिसते, अठरा-वीस फूट उंच. आपल्यातले काही बांधव म्हणतील, आपल्याला शंकराशी काय करायचे? मी तिथे पूजेला गेलो नव्हतो. हे मंदिरही आता पूजेचे नाही. मी बघत होतो तो छिन्नीचा घाव. अख्खा डोंगर आतून पोखरून खांब, छत, मूर्ती एका दगडात सोडायच्या, एक घाव चुकला तर जोडता येत नाही. हे काम करणाऱ्यांतल्या एकाचेही नाव कुठे नाही. लेणे खोदवणाऱ्या राजाचेही नक्की सांगता येत नाही, कारण इथला एक शिलालेख पोर्तुगीजांनी काढून पोर्तुगालला पाठवला आणि तो तिकडे हरवला. मूर्तींचे हातपाय मोडले तेही बरेचसे त्यांच्याच काळात. बेटाला एलिफंटा नाव देणारेही तेच. बंदराजवळ दगडाचा मोठा हत्ती होता, त्यावरून. तो हत्ती आता भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी आहे. दाजी मूर्तीपेक्षा खांबाकडे जास्त वेळ बघत होते. म्हणाले, "ह्यो दगड भायेर कसा काढला आसंल? कुनीतरी पाठीवरच वाहिला आसंल की."

१९८७ पासून हे लेणे जागतिक वारसा यादीत आहे. परदेशी पाहुणे, कॉलेजच्या सहली, नवविवाहित जोडपी, सगळी गर्दी इथेच असते. फोटो काढून सगळे खाली उतरतात. पूर्वेच्या टेकडीकडे त्यांच्यातले कुणी वळताना मला त्या दिवशी दिसले नाही.

आम्ही वळलो. दुकानात बसलेल्या एका आगरी ताईंना विचारले, त्यांनी उठून वाट दाखवली. मधल्या दरीला वळसा घालून पायवाट जाते. आधी सहावे लेणे लागते, त्याला सीताबाईचे देऊळ म्हणतात. पुढचे सातवे अगदी लहान, अर्धवट सोडलेले. दगडात दोष निघाला म्हणून काम थांबले असावे असे अभ्यासक म्हणतात. त्यापलीकडे एक कोरडा तलाव आणि त्याच्या काठाला दगडात खोदलेली पाण्याची टाकी. लेण्यांच्या भाषेत त्यांना पोढी म्हणतात.

इथे ताई थांबली. चारी बाजूंनी खारे पाणी आणि प्यायला थेंब नाही, अशा ठिकाणी राहायचे म्हणून भिक्खूंनी, किंवा त्यांच्यासाठी राबणाऱ्यांनी, पावसाळ्याचे पाणी धरायला कातळात ही टाकी खोदली. पाऊस चार महिने, पाणी बारा महिने. बोरिवलीजवळ कान्हेरीला तर डोंगरभर अशी पोढी आहेत. मघाशी लाँचवर ताई बोलली त्याचे उत्तर हेच होते. ती टाकीच्या काठाला बसून आत वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "आमच्या लातुरात दर घरामागं एक आसं पायजे व्हतं. आमी टँकरची वाट बघत बसलो." मूर्ती बघताना ती एक शब्द बोलली नव्हती.

टाक्यांच्या पुढे, टेकडीच्या उत्तरेकडच्या टोकाला, स्तूप आहे. वाचकांची फसवणूक करायची नाही म्हणून सांगतो, सांचीसारखे काही तिथे नाही. विटांचा आणि मातीचा ढिगारा आहे. मूळचा तो कितीतरी उंच असला पाहिजे. पुरातत्त्व खाते त्याचा काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा सांगते. म्हणजे पलीकडच्या टेकडीवरची ती मोठी मूर्ती कोरली गेली, त्याच्या सात-आठशे वर्षे आधी इथे बुद्धाला मानणारी माणसे राहत होती. वाळलेले गवत, वारा, खाली समुद्र. माणूस आमच्याशिवाय कुणी नाही. मायने पदर डोक्यावर घेतला. आम्ही आठ जणांनी त्रिशरण पंचशील म्हटले. ६ तारखेला लाखोंच्या गर्दीत म्हटलेले आणि हे, दोन्हींत फरक वाटला. तो मला नीट सांगता येणार नाही. मोठी मुले त्या वेळी गप्प होती एवढे सांगतो, आणि आमची मुले सहसा गप्प नसतात.

मुलाने विटेचा एक तुकडा उचलून खिशात घातला. मायने पाहिले. "ठिव तिथं. आधीच किती कमी ऱ्हायलंय, आजून कामून कमी करतूस?" त्याने तो जिथून घेतला तिथेच ठेवला. आपल्यातल्या अनेकांना पवित्र ठिकाणची माती घरी नेण्याची सवय आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता मराठवाड्याच्या वाचकांना एक गोष्ट सांगायची आहे. ती मला बेटावर नव्हे, आल्यावर वाचनातून कळली. या बेटावर, विशेषतः मोराबंदराच्या बाजूला, जुन्या रोमन रांजणांचे तुकडे सापडले आहेत. दोन कानांचे उंच, निमुळत्या बुडाचे रांजण. त्यांतून भूमध्य समुद्राकाठचे मद्य जहाजांनी आपल्या किनाऱ्यावर येत असे. सातवाहनांच्या काळातली नाणीही इथे मिळाली आहेत. आणि तिकडून जहाजे यायची ती काय न्यायला? पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीने लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे पुस्तक आहे. त्यात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचे मोठे शहर असल्याचे म्हटले आहे. तिथून जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जात असे. हे तगर म्हणजे आपले तेर, धाराशिव जिल्ह्यातले, लातूरहून एका दिवसात जाऊन येण्यासारखे. तेरलाही विटांचे चैत्यगृह आहे, आज त्याला त्रिविक्रमाचे मंदिर म्हणतात. तिथल्या सरकारी संग्रहालयात एक लहानशी हस्तिदंती बाहुली आहे. अगदी तिच्या जातकुळीची मूर्ती इटलीतल्या पाँपेई शहराच्या राखेत १९३८ साली सापडली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडले गेले होते.

म्हणजे आमच्या साहेबांनी ज्या समुद्राचे फोटो दाखवले, तिथपर्यंत लातूरकडचे कापड दोन हजार वर्षांपूर्वी पोचत होते. ते कुणी विणले असेल? माझे वडील सूत आणि कापडावरच जगले. त्यांना हे कळले असते तर ते काय म्हणाले असते, याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

बेटाच्या आजच्या लोकांबद्दलही थोडे लिहिले पाहिजे. मुंबईचा झगमगाट समोर दिसतो, पण या तीन गावांत कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी. त्याआधी रात्री काही तास जनरेटर चालायचा. वाट दाखवणाऱ्या त्या आगरी ताई सांगत होत्या की पहिल्या दिवशी पोरे रात्रभर झोपलीच नाहीत. आपल्या तांड्या-वस्त्यांवर वीज आली तेव्हाचे दिवस मला आठवले. आम्ही त्यांच्याकडे चहा घेतला, मुलींसाठी शिंपल्यांच्या दोन माळा घेतल्या. त्यांनी आम्हाला कुठले, कोण, असे विचारले. "काल चैत्यभूमीला आलो होतो," म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग दरवर्षी इकडं का येत नाय तुमची माणसं?" त्यांचा प्रश्न साधा होता. मी वडिलांच्या तिकिटांची गोष्ट सांगायला लागलो आणि मग थांबलो.

शेवटची लाँच साडेपाचच्या सुमाराला असते, आम्ही चारची धरली. परतताना दाजींनी खांब धरला, पण एकाच हाताने. गेटवेवर उतरून बोरीबंदरकडे चालत निघालो. वाटेत फोर्टमध्ये बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाची इमारत मुलांना बाहेरून दाखवली. रात्री ताईची गाडी वेगळी, आमची वेगळी. मायने आठही जणांची लाँचची तिकिटे मागून घेतली आणि कनवटीला लावली. ती आता त्याच पत्र्याच्या पेटीत, वडिलांच्या गठ्ठ्यावर आहेत.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा ज्या वर्षी ७ तारखेला सोमवार येतो त्या वर्षी एक तर मुक्काम वाढवावा लागेल किंवा बेत पुढच्या साली ढकलावा लागेल. गेटवेहून लाँच सकाळी नऊच्या सुमारास सुरू होतात, जितके लवकर जाल तितकी गर्दी कमी. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्याचे प्रवेश तिकीट नाही, मोठ्यांना आम्ही गेलो तेव्हा चाळीस रुपये होते. पूर्वेच्या टेकडीवर पाण्याची सोय नाही, बाटली भरून न्यावी. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, लाँचचा भरवसा नसतो.

आणि एक गंभीर गोष्ट. आम्ही गेलो तेव्हा लाँचवर लाइफ जॅकेट कुणी घातले नव्हते, आम्हीही नाही, आणि मला ते सुचलेही नाही. पुढच्याच वर्षी, १८ डिसेंबर २०२४ ला, घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि तेराहून अधिक जणांचा जीव गेला. बातमी ऐकली तेव्हा माझ्या हातातला चहा तसाच राहिला. त्याच पाण्यात, तशाच लाँचवर माझी लेकरे कठड्याला लोंबकळत होती. आधी तुम्ही जॅकेट घाला, मग मुलांना घाला, मगच बसा. कुणी हसले तर हसू द्या. जॅकेट कमी पडत असतील तर ती लाँच सोडून द्या, दुसरी असते.

त्या बातमीनंतर दाजी म्हणाले होते, आता पाण्याचे नाव काढू नका. महिनाभर त्यांनी ते पाळले. इकडे लातुरात ताईने वस्तीतल्या अकरा बायकांना स्तूपाची आणि त्या टाक्यांची गोष्ट सांगितली होती. त्यांनी दरमहा पन्नास रुपयांची भिशी सुरू केली आहे, फक्त घारापुरीसाठी. हिशेबाची वही आमच्या भाच्याकडे आहे. त्यात बारावे नाव दाजींचे आहे, आणि नावापुढे त्यांनी पोराकडून लिहून घेतले आहे, "खालच्या मजल्यावर बसणार."